अर्थिंगचा खड्डा

पाहणीचा कागद दोन पानांचा होता. दहा दिवस तो माझ्या दाते पंचांगात ज्येष्ठाच्या पानावर खुणेसारखा पडून होता. एका प्रशिक्षण संस्थेला मुलींच्या राहण्यासाठी जागा हवी होती. आमच्या घरामागच्या चार खोल्यांपैकी रिकाम्या दोन त्यांना पसंत पडल्या. करारावर सही करण्याआधी त्यांची माणसं येऊन आरोग्य आणि सुरक्षेच्या दृष्टीने सगळी चाळ बघणार होती. कागदावर नुसते प्रश्न होते. अर्थिंग आहे का? पाऊस आत येतो का? विहिरीच्या पाण्यात क्लोरीन टाकता का, कधी टाकता? खिडकीच्या गजांमधून संकटाच्या वेळी बाहेर पडता येईल का? रात्री दार आतून चावीशिवाय उघडतं का?

मी लांज्यात भिक्षुकी करतो. वेरवलीपासून साटवलीपर्यंत, भांबेडपासून पुनसपर्यंत पस्तीस वर्षांत ज्या वास्तुशांती केल्या त्यांची मोजदाद ठेवलेली नाही. एक्याऐंशी पदांचं मंडल मांडायचं, पंचेचाळीस देवतांचं आवाहन करायचं, घराभोवती सूत्र गुंडाळायचं, पाण्याची आणि दुधाची धार धरायची, आग्नेय कोपऱ्यात खड्डा घेऊन वास्तुप्रतिमा निक्षेप करायची. त्यात वास्तोष्पतीचं सूक्त येतं. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातलं, वसिष्ठांचं, तीनच ऋचांचं. त्यातलं मागणं अगदी घरगुती आहे. आमचा इथला प्रवेश चांगला होऊ दे, इथे रोग नको, आमच्या दोन पायांच्या आणि चार पायांच्या सगळ्यांचं कल्याण होऊ दे. पाहणीचा कागद वाचताना मला ते सूक्त आठवलं. वसिष्ठांनी जे मागितलं तेच हा कागद विचारत होता. मागणारा यजमान असतो. मग देणारा कोण, हा प्रश्न मी कितीतरी वर्षं स्वतःला विचारला नव्हता.

विचारायला लागलो तो तीन वर्षांपूर्वीपासून. श्रावणातली झड लागली होती. तिसऱ्या खोलीत कॉलेजात शिकणारी एक मुलगी राहायची, प्रभानवल्लीच्या पलीकडच्या एका वाडीतली. सकाळी न्हाणीत तिने स्टीलच्या बादलीत हीटरचा रॉड लावला आणि पाणी तापलं का बघायला बादलीला हात लावला. शेजारच्या खोलीतल्या बाईंनी किंकाळी ऐकली आणि मुख्य बटण बंद केलं. त्यांना ते सुचलं, म्हणून मुलगी वाचली. उजव्या तळहाताला भाजलं, दोन दिवस ग्रामीण रुग्णालयात ठेवावं लागलं.

संध्याकाळी वायरमन आले. त्यांना आम्ही सगळे भाऊ म्हणतो. त्यांनी न्हाणीबाहेरचा बोर्ड उघडला. बोर्डाला तीन भोकांचा सॉकेट होता. वरच्या मोठ्या भोकामागे हिरवी तारही होती. भाऊंनी ती ओढली, तर ती सरळ हातात आली. भिंतीत हातभर जाऊन ती संपत होती. "गुरुजी, ही तार खंयच गेलेली नाय," ते म्हणाले. चाळ बांधली तेव्हा मी पैसे अर्थिंगसकट मोजले होते. पण तार जमिनीत पोचली की नाही, हे बघायला मी कधी वाकलो नव्हतो. ते काम माझं होतं.

दुसऱ्या दिवशी मुलीचे वडील आले. पायात चिखलाचे बूट, डोक्याला इरलं, आणि पिशवीत दोन चिबूड. रुग्णालयातून मुलीला भेटून ते आमच्याकडे ओटीवर आले, चिबूड ठेवले, आणि म्हणाले, "गुरुजी, तुम्ही होतात म्हणून पोर वाचली. उपकार झाले." मी काही बोललो नाही. बोलायला हवं होतं. तार कुठेच गेलेली नव्हती हे त्यांना तेव्हाच सांगायला हवं होतं. ते मी महिन्याभराने त्यांच्या घरी जाऊन सांगितलं. पण त्या दिवशी त्यांनी ठेवलेले चिबूड मी घेतले, ही गोष्ट पुढच्या कुठल्याही सांगण्याने पुसली जात नाही.

त्या रात्री जेवताना मी पत्नीला म्हणालो, "पोरीचं प्रारब्ध बलवत्तर." ती वाढता वाढता थांबली. "अहो, तिचं प्रारब्ध ते तिचं. आणि तार कोणाचं प्रारब्ध?"

या प्रश्नाने माझी झोप गेली. प्रारब्ध हा शब्द मी आयुष्यभर लोकांना दिला आहे. तेराव्याला, कोर्टात हरलेल्या माणसाला, मूल न झालेल्या जोडप्याला. आणि मी तो खोटा मानत नाही. जे आपल्या वाट्याला आलं आणि टळणारं नव्हतं, ते उराशी घेऊन जगायला त्या शब्दासारखा आधार नाही. पण तो शब्द ज्याच्यावर दुःख कोसळलं त्याने स्वतःसाठी उच्चारायचा आहे. दुसऱ्याच्या वाट्याला मी जे पाठवलं त्याचा हिशेब मिटवायला मी तो वापरला, तेव्हा मी शास्त्राच्या पोटात लपलो होतो. आपल्या बोलण्यात हे फार होतं. रस्त्यावरचा खड्डा, विहिरीचा तुटलेला कठडा, उघडी वायर, आणि मग गेलेल्या माणसाच्या घरी जाऊन त्याची वेळ भरली होती म्हणणं. २४ ऑगस्ट २०२० ला आमच्याच महामार्गावरच्या महाडला पाच मजली इमारत कोसळून १६ माणसं गेली. तेव्हा ओटीवर बसून मी पापाबद्दल मोठ्याने बोललो होतो. माझ्या जांभ्याच्या बसक्या चाळीचा त्या बोलण्याशी काही संबंध असेल असं मनातही आलं नाही.

मी हेतूने काही केलं नव्हतं, हे खरं. मग दोष कसला? याचं उत्तर मला अनोळखी ठिकाणी नाही, रोजच्या आन्हिकाच्या मुळाशी सापडलं. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात पंचसूना सांगितल्या आहेत. गृहस्थाच्या घरातली हिंसेची पाच ठिकाणं: चूल, जातं, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा. चुलीत किडे जळतात, जात्यात भरडले जातात, केरसुणीखाली मरतात, उखळात कांडले जातात, घड्याखाली चिरडले जातात. कोणीही मुद्दाम मारत नाही, दिसतही नाही. तरी शास्त्र म्हणतं की हे तुझ्या घरी घडलं, याचं देणं तुझ्यावर आहे, आणि ते फेडायला रोजचे पाच महायज्ञ आहेत. आमच्या रत्नागिरी जिल्ह्याचे भारतरत्न पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासात हा विषय मी तरुणपणी वाचला होता. परीक्षेसाठी वाचावा तसा वाचला होता.

आता वाचतो तेव्हा मला त्यात घराची पाहणी दिसते. विस्तव, यंत्र, केर, अवजार, पाणी. कुणीतरी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभं राहून, इथे नकळत कोणाला इजा होत असेल, असं एकेक ठिकाण बोटाने दाखवलं आहे. आणि मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. चूल विझवून संन्यास घे असं शास्त्र तिथे म्हणत नाही. चूल पेटती ठेव, पण रोज लक्ष दे आणि रोज फेड, असं म्हणतं. एकदाच करून मोकळं व्हायची सोय त्यात नाही. वास्तुशांती एकदा होते. वैश्वदेव रोज असतो.

कीर्तनात आपण ऐकतो की देह हे भाड्याचं घर, मालक बोलावील तेव्हा सोडायचं, म्हणून जीव गुंतवू नका. मीही हा दाखला पुष्कळदा दिला आहे. भाडेकरूला उद्देशून तो बरोबरच आहे. पण या दाखल्यात मालकाने काय करायचं हे कोणी सांगत नाही. आणि खऱ्या भाड्याच्या घरात अनासक्तीचं काय होतं ते मी पाहिलं आहे. भाडेकरू म्हणतो, घर माझं नाही, मी कशाला खर्च करू? मालक म्हणतो, मी तिथे राहत नाही, मला काय कळणार? दोघेही आपापल्या परीने निःसंग, आणि मध्ये भिंतीत एक तार हातभर जाऊन संपलेली.

कौटिल्याला हे ठाऊक असावं. अर्थशास्त्रात नागरकाच्या म्हणजे शहराच्या अधिकाऱ्याच्या प्रकरणात आगीचे नियम आहेत. प्रत्येक घरी पाण्याचे घडे, शिडी, कुऱ्हाड, सूप, आकडा, चामड्याची पखाल तयार हवी, नसेल तर दंड. आणि आग लागलेली असताना जो विझवायला धावत नाही त्याला शिक्षा सांगितली आहे: घराच्या मालकाला बारा पण, भाड्याने राहणाऱ्याला सहा पण. निष्काळजीपणाने आग लागली तर दंड चोपन्न पणांचा. त्या बारा आणि सहाकडे मी बराच वेळ बघत राहिलो. भाडेकरूला सोडलेलं नाही, कारण तिथे झोपतो तो. पण मालकावर दुप्पट ठेवलं आहे, आणि जळत्या घरात तो राहत नव्हता ही सबब त्यात कुठे धरलेली नाही. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमातही जागा राहण्याजोगी दुरुस्त ठेवण्याचं कर्तव्य घरमालकावरच टाकलेलं आहे.

तर यंदाची आगोट. कोकणात मृगाआधी घर तपासणं कोणाला शिकवावं लागत नाही. कौलं परतायची, फुटकी बदलायची, पन्हळी मोकळ्या करायच्या, पडवीला झड बांधायची, लाकूडफाटा आत घ्यायचा. आमच्या आजीच्या वेळेपासून ही पाहणी ठरलेल्या नक्षत्रावर होते आणि तिचा परीक्षक वरून येतो. यंदा त्यात कागदाची भर पडली एवढंच, असं म्हणून मी कामाला लागलो.

कौलांचं, गजांचं, दारांचं पटकन झालं. खिडकीचे गज कापून एका बाजूला कडीची उघडती जाळी बसवली. दारांना बाहेरून घालायच्या जाड कड्या होत्या, त्या काढल्या. गॅसच्या नळीवरची तारीख बघितली, पाच वर्षं उलटून गेली होती. नवी घातली. विहिरीत टीसीएल पावडर टाकतो, पण मापाने कधी टाकली नव्हती. आरोग्य सेविकेने नळाचं पाणी छोट्या नळीत घेऊन थेंब टाकून दाखवलं. पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे. पहिल्या दिवशी पाणी पाण्यासारखंच राहिलं.

त्याच बाई मग टॉर्च घेऊन डासांच्या अळ्या शोधत फिरल्या. करवंट्या, पोफळीच्या विऱ्या, फ्रिजमागचा ट्रे, टाकीचं झाकण. भाडेकरूंच्या बाजूला काही मिळालं नाही. मिळालं ते आमच्या अंगणात, तुळशीजवळच्या दगडी डोणीत. वडिलांच्या वेळची ती डोणी. देवाच्या अभिषेकाचं पाणी पायदळी जाऊ नये म्हणून आम्ही तिच्यात ओततो. बाईंनी उजेड पाडला तेव्हा त्या पाण्यात अळ्या नाचत होत्या. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "गुरुजी, तीर्थ आहे, पण आठवड्याने एकदा रिकामं करून घासा. अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात." पाचवी सूना पाण्याच्या घड्याची. मी डोणी झाडांच्या आळ्यात उपडी केली, आणि शुक्रवार ठरवून टाकला.

रंगाऱ्याचं मात्र मला सविस्तर सांगायचं आहे. दुसऱ्या खोलीत उत्तरेच्या भिंतीला ओल धरते. तिथे मी चार वर्षं कालनिर्णय टांगून ठेवत होतो, म्हणजे येणाऱ्याच्या नजरेत डाग येऊ नये. रंगारी म्हणाला, "वरून प्रायमर मारून दोन हात देतो. पाहणी होईस्तोवर काय दिसायचं नाय." बाजारपेठेतल्या एका ओळखीच्याने आग विझवायचं नळकांडं दोन दिवसांसाठी देऊ केलं. दोघेही माझ्या भल्यासाठीच बोलत होते. आणि मी हो म्हणायच्या बेतात होतो, हेही खरं.

गीतेच्या सतराव्या अध्यायात तपाचे तीन प्रकार आहेत. मान मिळावा, पूजा व्हावी म्हणून दंभाने केलेलं तप राजस, आणि त्याला दोन विशेषणं लावली आहेत: चल आणि अध्रुव. टिकत नाही, ठरत नाही. हे शब्द मी इतकी वर्षं पुण्याबद्दल म्हणून वाचत आलो. ओल्या भिंतीवरच्या प्रायमरला ते अक्षरशः लागू पडतात. पाहणीसाठी चांगलं असणं आणि चांगलं असणं यात फरक दोन महिन्यांचा असतो, मृगापासून श्रावणापर्यंतचा. पण म्हणून पाहणीच्या धाकाने केलेलं काम वाया असं मला म्हणवत नाही. धाक नसता तर मी त्या भिंतीपुढचं कालनिर्णय काढलंच नसतं. मनात शुद्ध हेतू येईपर्यंत थांबलो असतो, तर ओल थांबली नसती. हेतू मागाहून आला तरी चालेल, आधी गिलावा खरवडला पाहिजे. मी रंगाऱ्याला नको म्हटलं, गवंडी बोलावला. बाहेरून जांभ्याच्या चिऱ्यांच्या दरजा भरून घेतल्या, पागोळीचं पाणी भिंतीपासून दूर नेलं. भिंत अजून सुकतेच आहे. पाहणीच्या दिवशी डाग तसाच दिसत होता.

नंतर प्रश्न आला राहत्या खोल्यांचा. एकीत एसटीचे चालक आणि त्यांचं कुटुंब, एकीत दोन परिचारिका. कागदाप्रमाणे त्या खोल्यांमधलीही वायरिंग बघायला हवी होती. चावी माझ्याकडे असते. पूर्वी मी बेधडक उघडून आत जायचो, घर माझंच म्हणून. या वेळी पाय अडखळला. १८९७ साली पुण्यात प्लेगच्या वेळी सोल्जर घरोघर तपासणीला शिरले, स्वयंपाकघरात गेले, देवघरात गेले. २२ जून १८९७ ला त्या तपासणीचा प्रमुख अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली गेली त्यामागे तो सगळा संताप होता. प्लेग खरा होता, तपासणीची गरजही खरी होती. पण बघणाऱ्याची नजर घरातल्या माणसाला माणूस न मानणारी असेल, तर आरोग्याच्या नावाने केलेलं बघणंही जखम करून जातं. आपल्या लोकांना तपासणी म्हटलं की अंगावर का येतं, ते तिथून आलं असावं असं मला वाटतं.

मग बघावं कसं? गीतेच्या तेराव्या अध्यायात देहातल्या परम पुरुषाला उपद्रष्टा म्हटलं आहे. जवळ बसून बघणारा. शंकराचार्यांनी भाष्यात त्याला यज्ञातला दाखला दिला आहे. ऋत्विज आणि यजमान कर्मात गुंतलेले असतात, आणि यज्ञविद्या जाणणारा, स्वतः त्यात न गुंतलेला एकजण बाजूला बसून त्यांच्या करण्यातले गुण आणि दोष बघत असतो. तसा. मोठ्या यज्ञात मी ब्रह्मा म्हणून बसलो आहे, म्हणून ते बसणं मला ठाऊक आहे. तोंडातून शब्द काढायचा नाही, पण एक आहुती चुकली तरी कळली पाहिजे, आणि चूक निस्तरण्याचं प्रायश्चित्त आपण करायचं. दोष दिसला म्हणून यजमानावर ओरडायचं नसतं. त्याचा यज्ञ पुरा व्हावा म्हणूनच आपण तिथे बसलेले असतो.

मी दोन दिवस आधी दोन्ही खोल्यांना सांगितलं, त्यांना सोयीची वेळ विचारली, आणि दारात उभा राहून "येऊ का?" म्हटलं. परिचारिकांनी खुर्ची पुढे केली. त्यांच्या फ्रिजवर गणपती आणि जोतिबा होते. भाऊंनी बोर्ड उघडले, मी टॉर्च धरला.

अर्थिंगचा खड्डा मात्र तीन वर्षांपूर्वीच, मुलगी रुग्णालयात असतानाच घेतला होता. आमच्याकडे वरचा थर जांभ्याचा, उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत. भाऊ म्हणाले, इथे वरवर काही लागणार नाही, खोल जायला हवं आणि ओल कायम हवी. मग पोफळींच्या आळ्याशेजारी, जिथे बारमाही शिंपणं असतं, तिथे पाच-सहा फूट खणलं. पाइप उभा केला, भोवती कोळसा आणि मीठ थरांनी घातलं, वर पाणी ओतलं. वास्तुप्रतिमा ठेवताना खड्ड्यात शेवाळ घालतात, पाणी ओततात. हात तसेच चालत होते. भाऊंनी मीटर लावला आणि मान हलवली, तेव्हा मी नकळत आचमनाचा हात केला. मग मीटरपाशी आरसीसीबी बसला. गेलेला प्रवाह आणि परतलेला प्रवाह तो सतत ताडून बघतो, आणि तीस मिलिअँपिअरचा जरी फरक पडला तरी डोळ्याचं पातं लवायच्या आत सगळं बंद करतो. त्यावर एक लहान बटण असतं. ते अधूनमधून दाबून बघायचं. दाबलं आणि वीज गेली तर तो जागा आहे. आम्ही ते दर संकष्टीला दाबतो, म्हणजे तारीख विसरत नाही.

पाहणीला दोघं आली, एक बाई आणि एक तरुण. अर्धा तास होती. ओलीचा डाग त्यांनी लिहून घेतला, मी गवंड्याचं काम दाखवलं. नवं नळकांडं, माझ्या पैशाचं, त्यांनी उचलून काटा बघितला. आरसीसीबीकडे नजर टाकून त्यांनी खूण केली आणि पुढे निघाले. मी म्हटलं, "बटण दाबून बघा ना." तरुण म्हणाला, "असू दे गुरुजी, दिसतंय की." मी म्हटलं, "दिसत तर तेव्हाही होतं," आणि मग त्यांना तिसऱ्या भोकाची गोष्ट सांगितली. त्या बाईंनी कागद काखेत धरला आणि स्वतः बटण दाबलं. चारही खोल्यांतले पंखे थांबत गेले. चालकाच्या बायकोचा आतून आवाज आला, "गुरुजी, आज संकष्टी आहे काय?"